सरस्वतीचं खरं नाव

माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिली, “आमची सर्वे करते.” तिच्या लेखी सर्वे म्हणजे जनगणना. त्यामुळे मला दहा वर्षांतून एकदाच काम असतं आणि उरलेला काळ मी पगार फुकट खाते, असा तिचा पक्का समज होता. सासरी, मी मानवशास्त्र शिकले आहे म्हटल्यावर लोक कवट्यांबद्दल विचारायचे. नवरा बँकेतला, मोजकं बोलणारा. तो सांगायचा, “ही लोकांच्या घरी जाऊन चहा पिते आणि मग त्याचा अहवाल लिहिते.” निवृत्त होऊन मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये स्थिरावल्यावर मला मान्य करावं लागलं की या सगळ्यांत त्याचीच व्याख्या सत्याच्या सर्वांत जवळ होती.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. एखाद्या वस्तीत काही पेटलं की पत्रकार दिवसभरासाठी जातो, पुढारी निवडणुकीपुरता जातो, आम्ही वर्ष-दोन वर्षं जातो. जाऊन काय करतो? बसतो. नळावर बसतो, समाजभवनाच्या पायरीवर बसतो, कोणाच्या तेरवीला, कोणाच्या साखरपुड्याला बसतो. लोक आपल्याला पाहुणी समजून गोड बोलतात तोवर लिहिण्यासारखं काही हाती लागत नाही. कंटाळून ते आपल्यासमोरच भांडायला लागले की काम सुरू झालं असं समजायचं. नागपूरच्या उन्हात हा धंदा करायला फार बुद्धी लागते असं नाही, पण पोट मजबूत लागतं. एका दुपारी सात घरचा चहा घेऊन आठव्या घरी “नको” म्हटलं, तर त्या घराचं दार आपल्याला कायमचं बंद होतं.

गिऱ्हाइकंही तऱ्हेवाईक भेटली. एका उमेदवाराने आमच्या संस्थेला काम दिलं: लोकांच्या मनात काय आहे ते काढा. आम्ही बसलो, ऐकलं, लिहून दिलं. साहेब वाचत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. “अहो, हे तर सगळं माझ्याबद्दल आहे!” मी म्हटलं, तुम्हीच विचारलं होतं. “मले वाटलं, समोरच्या पार्टीबद्दल लोकं काय बोलून राहिले ते निघन.” अहवाल त्यांनी बाजूला ठेवला. निवडणुकीत पडल्यावर तो पुन्हा मागवून घेतला, एवढं मात्र खरं.

आता ज्या वस्तीबद्दल सांगायचं आहे ती शहराच्या उत्तरेला, कन्हानच्या रस्त्याकडे. तिथे मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा पानठेल्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “म्याडम, तुमी पाण्याच्या आहा का संडासाच्या?”

“म्हणजे?”

“विषय काय आहे तुमचा? संडासाचा असन तर मागच्या गल्लीत जा. तिथली बाई रडून सांगते. पाण्याचं मी सांगतो.”

मी म्हटलं, माझा विषय सार्वजनिक जागा. चावडी, मैदान, समाजभवन. या जागा कोणाच्या असतात आणि हळूहळू कोणाच्या होतात. म्हातारा विचारात पडला. “हा नवीन निघाला,” तो म्हणाला. “याच्यासाठी तुमी बालवाडीच्या बाईकडे जा.”

बालवाडीची बाई म्हणजे विशाखाबाई. तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या, तरी वस्तीतल्या निम्म्या बाप्यांना नाकाच्या शेंबडापासून ओळखणाऱ्या. वडील गिरणीत कामाला. छप्पन्न साली दीक्षा घेऊन ते घरी आले, देव्हाऱ्यातले देव टोपलीत घातले आणि नदीत सोडून आले. संध्याकाळी त्यांनी पोरांना ओळीने उभं करून सगळ्यांची नावं बदलली. विशाखा हे नाव तेव्हाचं. आई चुकून जुन्या नावाने हाक मारायची आणि वडील जेवता जेवता तिला थांबवायचे, हे विशाखाबाई हसून सांगायच्या. जुनं नाव काय होतं ते मात्र त्या सांगत नसत. मी पुष्कळदा विचारलं. “देवासोबत गेलं ते,” म्हणायच्या आणि विषय मिटवायच्या.

माझ्या संशोधनात मात्र त्यांनी तोंडाला कुलूप लावलं नाही. वस्तीने श्रमदानातून एक अभ्यासिका बांधली होती. स्पर्धा परीक्षांना बसणारी पोरं तिथे अभ्यास करायची. मग एका निवडणुकीत वस्तीचे भाऊ नगरसेवक म्हणून निवडून आले आणि थोड्या दिवसांसाठी म्हणून त्यांनी तिथे आपलं कार्यालय टाकलं. थोडे दिवस अजून संपले नव्हते. विशाखाबाई रेकॉर्डरकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या होत्या, “पोरं जिथं अभ्यास करत होते, तिथं आता भाऊचे लोकं कॅरम खेळून राहिले. अन पोरं नाल्याच्या पुलावर बसून पुस्तक वाचून राहिले. विटा आम्ही वाहिल्या, पाटी त्याची लागली.”

आमच्या धंद्यात एक नियम फार पवित्र मानतात. जो बोलला त्याचं नाव छापायचं नाही, त्याच्या वस्तीचंही नाही. बोलणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. कोणी मतदारयादीतून नावं उचलतात, कोणी मावस-चुलत भावंडांची वापरतात. मला वाटायचं, आपण जरा रसिकतेने करावं. माणसाला शोभेल असं नाव द्यावं. भाऊंना मी ‘रमेश’ केलं, कारण त्यांच्यात शोभण्यासारखं मला काही दिसलं नाही. विशाखाबाईंच्या जिभेवर मी भाळले होते. त्यांचं नाव मी ‘सरस्वती’ ठेवलं.

पुस्तक इंग्रजीत निघालं आणि माझ्या अपेक्षेपेक्षा बरं चाललं. म्हणजे ज्या चार विद्यापीठांत असली पुस्तकं वाचतात तिथे वाचलं गेलं. परदेशातल्या मुलांनी सरस्वतीवर निबंध लिहिले. एका परिसंवादात एक गोऱ्या बाई माझा हात धरून गहिवरून म्हणाल्या, “सरस्वती कशी आहे?” मी म्हटलं, बरी आहे, गुडघे दुखतात. वस्तीत मात्र सरस्वती नावाच्या बाईला कोणी ओळखत नव्हतं.

निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून मीच पुस्तक मराठीत आणलं. छापण्याआधी ज्याचं त्याला दाखवून यायचं, ही आमच्यातली रीत. विशाखाबाईंची प्रकरणं घेऊन मी गेले. त्या खाटेवर बसून, चष्मा पुसून, मन लावून वाचू लागल्या. वडिलांवरची पानं वाचताना त्यांचे डोळे भरून आले आणि मला बरं वाटलं. मग त्यांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं.

“हे सरस्वती कोण आहे?”

“तुम्हीच. नाव बदललंय, पहिल्यांदाच सांगितलं होतं ना? संमतिपत्रावर...”

“बदलाचं माहीत आहे मले. पण सरस्वती?” त्यांनी कागद खाटेवर ठेवले. त्या मला नेहमी म्याडम आणि तुम्ही म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा एकेरीवर आल्या. “काहून वं? माह्या बापानं जे देव टोपल्यात घालून नदीत सोडले, त्यातलीच एक उचलून तू माह्या अंगावर घातली? अन वरून त्याच पानावर माह्या बापाची गोष्ट?”

मी म्हणाले, अहो, तुमच्या बोलण्याचं कौतुक म्हणून.

“कौतुक तुह्या घरचं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी अगदी नेमकं सांगितलं होतं. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात कारकुनी करायला इकडे आलं. मी वाढले धंतोलीत, तेव्हा तिथे एवढी हॉस्पिटलं नव्हती. दसऱ्याला आम्ही भावंडं पाटीवर सरस्वती काढायचो, एकाचे आकडे नागमोडी जोडून, आणि तिला झेंडूचं फूल वाहायचो. त्याच सकाळी आमच्या खिडकीखालून पांढऱ्या कपड्यांतली माणसं, लेकरं खांद्यावर घेऊन, दीक्षाभूमीकडे चालत जायची. संध्याकाळपर्यंत रांग संपायची नाही. मी पाटी घेऊन खिडकीत उभी राहून पाहायची. पुढे आयुष्यभर त्याच माणसांच्या घरी चहा प्यायले, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्यातल्या एकीचा मान करायची वेळ आली तेव्हा माझ्या हाताने पुन्हा तीच पाटी काढली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त म्हणजे माझी फजिती झाल्यासारखं वाटलं.

“दुसरं नाव देते,” मी म्हटलं.

“दुसरं काहून? माह्यं टाक. माह्या बापानं नाव बदललं तेव्हा त्यात आमचा फायदा होता. तू बदलून राहिली, यात कोणाचा?”

मी प्रकरण संस्थेच्या नीतिसमितीकडे नेलं. ही समिती आमच्यासारख्यांनी लोकांचं नुकसान करू नये म्हणून असते. ती वातानुकूलित खोलीत भरते आणि तिथे नुकसान होऊ शकणाऱ्यांपैकी कोणी नसतं. एका सदस्याने सरस्वतीऐवजी ‘शांता’ सुचवलं, कारण त्या नावावर कोणाचा आक्षेप असणार नाही. विशाखाबाईंना ज्यांनी एकदा तरी ऐकलं आहे त्यांना हे किती विनोदी होतं ते कळेल. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “खरं नाव छापायचं तर अभ्यासिकेचा उतारा गाळा. उतारा ठेवायचा तर नाव लपवा. त्या बाई तिथेच राहतात, उद्या काही झालं तर?” चिडायला हवं होतं, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता.

मी निरोप पोचवला. विशाखाबाई म्हणाल्या, “म्हणजे नाव ठेवलं तर तोंड बंद, अन तोंड उघडलं तर नाव दुसऱ्याचं. कोणी बनवला हा कायदा?”

त्या रविवारी त्यांचा मुलगा प्रदीप माझ्याकडे आला. कचरागाडी चालवायचा, कंत्राटावर. गाडी भाऊंच्या शब्दावर मिळालेली. नेहमी मोकळं बोलणारा पोरगा, पण त्या दिवशी सोफ्याच्या काठावर बसला.

“म्याडम, आईले समजवा. नाव नका टाकू. तिचं काय आहे, तिनं जिंदगीभर लहान पोरांवर आवाज चढवला, तिले वाटते सगळे अजून बालवाडीतच आहे. भाऊनं एक फोन केला का माह्या हातातून गाडी गेली. दोन लेकरं आहे मले.”

“तूच सांग ना तिला.”

“मी सांगितलं. म्हणे, तुह्यं नाव कोणी बदललं तर चालन काय तुले? मी म्हटलं, गाडी राहून राहिली तर चालन ना, काही बी म्हणा मले.” तो हसला, पण हसणं लगेच मावळलं. “तुमी लिहून घरी जाता म्याडम. आमी तिथंच राहतो.”

आता आई म्हणते टाका, मुलगा म्हणतो नका टाकू. पुस्तकांत अशा वेळी ‘संशोधकाने तटस्थ राहावे’ असं लिहिलेलं असतं. ते मीच विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. मी दोन दिवस तटस्थ राहिले, म्हणजे फोन उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी विशाखाबाईंनी शेजारणीच्या फोनवरून गाठलं. “भीती कायची आहे? भाऊले समजल, हेच ना? मंग चाल, आपणच जाऊन त्याले सांगू. समजल्यावर समजाची भीती कशी राहीन?”

पुरी हयात गेली तरी असा मार्ग आमच्या समितीला सुचला नसता. मी कागद घेऊन गेले. प्रदीप गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून राहिला, आत आला नाही.

कार्यालय म्हणजे तीच अभ्यासिका. भिंतीवरचा काळा फळा अजून होता, त्याच्यावर भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर. कोपऱ्यात कॅरम चालू होता. पंधरावीस माणसं दाखले, शिफारशी घेऊन बाकांवर बसलेली. विशाखाबाईंना पाहताच भाऊ खुर्चीतून उठले.

“बाई! या ना, बसा. चहा सांग गा बाईसाठी.”

“चहा मंग. पहिले ऐक.” त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच, बालवाडीत गोष्ट वाचावी तशा ठसक्यात त्यांनी सगळा उतारा वाचून काढला. विटा, पाटी, पुलावरची पोरं, सगळं. कॅरमची सोंगटी मध्येच थांबली. बाकावरच्या एकालाही कुठे पाहावं ते कळेना. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “हे मी बोलली आहे. पुस्तकात माह्या नावानं छापून राहिलो. तुले आधीच सांगतो, मंग म्हणू नको बाईनं मागून सांगितलं.”

भाऊंनी कागद मागून घेतले आणि एका नावावर बोट ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“म्याडम, हा रमेश कोण आहे?”

“तुम्हीच. नाव बदलावं लागतं.”

“मी? मंग माह्यं नाव काहून नाही टाकलं?”

“तुमच्यावर टीका आहे ना त्यात.”

“असू द्या ना. राजकारणात टीका होतेच. पण नाव पाहिजे. हे इंग्रजीत बी निघालं म्हणता? बाहेरच्या देशात वाचते लोकं?”

“हो.”

“तिथं बी रमेश?” भाऊंच्या तोंडावर अशी अवकळा आली की मला क्षणभर खरंच दया आली. “म्याडम, बाईचं नाव टाकून राहिले तर माह्यं बी टाका. फोटो देतो.”

“टाकन म्याडम,” विशाखाबाई म्हणाल्या. “पहिले खोली खाली कर.”

“निवडणूक होऊ द्या बाई,” भाऊ म्हणाले, आणि चहा आला.

समितीपुढे मी सगळा वृत्तांत मांडला. ज्याची भीती होती त्याला सगळं जाहीरपणे ऐकवून झालं आहे, बाईंची लेखी इच्छा आहे. विशाखाबाईंचं खरं नाव मंजूर झालं. भाऊंचं नाव मात्र वकिलांनी अडवलं. लोकप्रतिनिधी आहे, उद्या अब्रुनुकसानीची नोटीस येईल. मी पोटतिडकीने सांगितलं की त्यांना नाव हवंच आहे, ते फोटोसुद्धा देताहेत. वकील म्हणाले, आज हवंय, उद्या पक्ष बदलला की नको होईल. तेव्हा रमेश रमेशच राहिले.

पुस्तक निघालं. भाऊंनी माणूस पाठवून एक प्रत नेली. ते रागावले, पण टीकेबद्दल अवाक्षर नाही. रागावले ते बालवाडीच्या बाईचं नाव छापलं आणि आपलं नाही, यावर. महिन्याच्या आत प्रदीपची गाडी वस्तीच्या वॉर्डातून निघाली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मनीषनगरला लागली. समितीला ज्या नुकसानाची भीती होती ते झालं, फक्त कारण वेगळं होतं.

आता रोज सकाळी गाडीची घंटा वाजते आणि मी ओल्या कचऱ्याची हिरवी बादली घेऊन खाली उतरते. प्रदीप अंधारात घरून निघून इथवर येतो. पहिल्या दिवशी मला तोंड वर करता आलं नाही. त्यानेच बादली घेतली.

“म्याडम, दुसरी आवृत्ती कधी निघते?”

“का रे?”

“भाऊचं नाव टाकता येईन ना त्यात. मंग माही गाडी परत घराजवळ.”

मराठीतल्या असल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती कधी निघते हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? “पाहू,” म्हणते. तो रोज विचारतो. अलीकडे विचारताना हसतो, पण विचारतो.

गेल्या महिन्यात विशाखाबाईंकडे गेले होते. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर पडणं बंद झालंय. अभ्यासिकेत कॅरम चालूच आहे. पुस्तक उशीजवळ होतं. त्यांच्या नावाचं पान बोटांनी काळवंडलं आहे, येईल त्याला तेच उघडून दाखवतात. मी प्रदीपचा विषय काढला आणि म्हणाले, मला फार अपराधी वाटतं.

“वाटू दे,” त्या म्हणाल्या. “मले बी वाटते. पण माहा बाप जिता असता तर त्यानं पहिले नाव पाह्यलं असतं.” मग त्यांनी मला जवळ बोलावलं. “तू विचारत होती ना, जुनं नाव? त्या टोपल्यासोबत गेलं ते?”

आणि त्यांनी ते माझ्या कानात सांगितलं.

तान्ह्या पोरीला कोणी असं शिवीसारखं नाव ठेवू शकतं, हे आयुष्यभर याच विषयात काढूनही मला ठाऊक नव्हतं. गिरणीतून आलेल्या त्या माणसाने देवांच्या आधी हे नाव टोपलीत घातलं असणार, असं मला वाटलं, आणि माझे डोळे भरून आले.

“हे छापाचं नाही,” विशाखाबाई म्हणाल्या. “हे लपव.”

संशोधनाच्या दृष्टीने ही फार मोलाची माहिती आहे. एक अख्खा लेख होईल. नावं लपवण्यातच माझी सारी नोकरी गेली, पण ‘हे लपव’ असं स्वतःहून मला कोणी म्हटलं ते हे एकदाच. म्हणून इथेही ते लिहिलेलं नाही.